फेरी न मारलेली गाडी

धाकटी दुकानात परतली तेव्हा फोटोवाल्याची गाडी स्टँडवर नव्हती. फरशीवर तेलाचा ओला डाग होता, शेजारी गाडीचा काढलेला जुना सायलेन्सर आणि जुन्या एअर फिल्टरचा काळा डबा. बाबा बाकड्यावर बसून चिंधीनं हात पुसत होते, पोटभर जेवल्यासारखे खूश. गाडी कुठंय, तिनं विचारलं. गेला की घेऊन, बाबा म्हणाले, बायकोला घेऊन सासुरवाडीला निघालाय, डोंगरापलीकडं. उशीर होत होता त्याला, मग दिली.

चालवून बघायची फेरी कुणी मारली, असं तिनं विचारलं. कुणी नाही, बाबा म्हणाले. गाडीचं इंजिन मी लावलंय, तिला कसली फेरी? तू केबल आणायला गेलीस ती तिकडंच रमलीस, आणि फेरीला गेलीस की त्याहून जास्त रमतेस. गिऱ्हाईकानं काय इथं मुळं धरायची?

आता तुम्ही म्हणाल, एक फेरी राहिली तर काय आभाळ कोसळलं? तर ते कसं कोसळलं हे आधी सांगायला हवं.

मोटरसायकलचं इंजिन हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणावर चालतं, आणि ते मिश्रण करतो कार्बोरेटर. कंपनीचा फिल्टरचा डबा आणि कंपनीचा सायलेन्सर, दोघं मिळून इंजिनाचं नाकतोंड दाबून धरतात. हवा बेताची, म्हणून पेट्रोलही बेताचं. पण फोटोवाल्यासारख्या हौशी माणसाला वाटतं, आपण रस्त्यानं निघालो की चार खिडक्या उघडल्या पाहिजेत. मग तो डबा फेकून उघडा फिल्टर बसवून घेतो, पोकळ सायलेन्सर लावून घेतो, आणि इंजिन मोकळा श्वास घ्यायला लागतं. हवा वाढते. पेट्रोल मात्र तेवढंच येतं, कारण ते पितळेच्या एका बारक्या तुकड्यातून येतं, त्याला म्हणतात जेट, आणि त्याचं भोक काही गाडीच्या हौसेनं मोठं होत नाही. ते मोठ्या भोकाचं बदलून घालावं लागतं. किती मोठं, हे कुठल्या पुस्तकात नसतं, ते गाडीच सांगते. पेट्रोल कमी पडत असेल तर चढावर ताण आला की इंजिनातून बारीक, कोरडी टकटक येते, काचेवर नख मारावं तशी. ती ऐकून सोडून दिली तर इंजिन तापत जातं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो. इंजिन जागच्या जागी थांबतं आणि त्याच्याबरोबर मागचं चाकही. पळत्या गाडीचं मागचं चाक एकाएकी थांबलं की काय होतं, हे सांगायला मिस्त्री लागत नाही.

बाबांचं सगळं नाव होतं ते ही टकटक ओळखण्यावर. बाकीचे मिस्त्री चढावर गाडी ताणून बंद करतात, प्लग काढतात आणि त्याचा रंग बघतात. तपकिरी असला तर ठीक, पांढरा पडला तर पेट्रोल कमी. बाबांनी आयुष्यात असला प्रकार केला नाही. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. त्या वेळी दुकानात कुणी शिंकलं तरी त्याची धडगत नसे. कुणी भीत भीत प्लगचं नाव काढलंच तर म्हणायचे, हातच्या काकणाला आरसा कशाला? ज्याला कान नाहीत त्यानं प्लग बघावा.

आणि ते कान गेले होते. सगळे नाही. ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा, शेजारच्या लोहाराचा घण ऐकू यायचा, आईची बडबड नको तेवढी ऐकू यायची. गेलं होतं ते सगळं बारीक. जन्मभर इंजिनाला कान लावून बसलेल्या माणसाचं आधी तेच जातं. फोनची रिंग, नळाची सुरसुर, घड्याळाचा गजर. गजर वाजत नाही म्हणून त्यांनी घड्याळ बदललं, मग तेही बिघडलं म्हणून आणखी एक आणलं. घरात गजराची घड्याळं झाली होती तीन, आणि बाबांच्या मते तिन्ही भंगार.

धाकटीला हे कळलं ते दोन उन्हाळ्यांपूर्वी. बाबांनी लावलेली एक गाडी घेऊन ती नेहमीसारखी फेरीला गेली आणि चढावर गाडी तिच्या मांडीखाली सरळ टकटकत होती. तिला आधी वाटलं आपलेच कान वाजतायत. मग तिनं प्लग काढून बघितला. घरी आल्यावर तिनं बाबांना सांगितलं नाही, आईला सांगितलं, आणि इथंच सगळं चुकलं. आई भाजी चिरत होती, तिनं विळी बाजूला ठेवली आणि दार लोटून घेतलं. म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांच्याकडं दुसरं आहे काय? कान गेले म्हणून कळलं तर माणूस त्या बाकड्यावरून उठायचा नाही. तू शिकलीयस ना त्यांच्याच हाताखाली, मग तू गुपचूप बघ काय ते. तोंडावर सांगू नकोस, माझी शपथ आहे.

तेव्हापासून धाकटीच्या फेऱ्या लांबायला लागल्या. फेरीशिवाय गाडी बाहेर जाऊ द्यायची नाही, हा नियम बाबांचाच होता, आणि त्या नियमाच्या आडोशानं तिचं सगळं चालायचं. कुलूप लागलेल्या बर्फाच्या कारखान्यामागं गाडी उभी करायची, खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी काढायची, त्यात जेट असायचे लहान-मोठे. कार्बोरेटरची वाटी उतरवायची, जेट बदलायचा, पुलापर्यंत ताणून यायचं, प्लग बघायचा, नाही पटला तर पुन्हा बदलायचा. दुकानात आल्यावर बाबा विचारायचे, कशीय? फर्स्ट क्लास, ती म्हणायची. मग बाबा गिऱ्हाईकासमोर टाकीवर थाप मारायचे. त्या थापेनं तिला बरंही वाटायचं आणि टोचायचंही. गाडी तिनं लावलेली असायची आणि ते सांगायला जगात एक आई सोडली तर कुणी नव्हतं.

या लांबलेल्या फेऱ्यांचा बाबांनी आपल्या परीनं अर्थ लावला होता. पोरीचं कुठंतरी जमलंय. तिशी ओलांडलेली पोर, नाही म्हटलं तरी बापाला त्यात थोडा आनंदच होता, फक्त कोण आहे तो हे कळत नव्हतं म्हणून धुसफूस. त्यांनी आईला खोदून विचारलं. आईनं असेल कोणी, आपल्याला काय करायचंय असं म्हणून ते आणखी पक्कं करून ठेवलं. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू.

तर आज फेरी झाली नव्हती. उघडा फिल्टर, पोकळ सायलेन्सर, बाबांच्या कानानं निवडलेला जेट, मागं बायको, पेटी, आणि पुढं डोंगराचा चढ.

तिनं आधी फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. उचलणार कसा, त्या सायलेन्सरच्या दणक्यात खिशातला फोन ऐकू येणं शक्यच नव्हतं. पुन्हा लावला. बाबा बघत होते. काय झालं, म्हणाले. सायलेन्सरचा नट माझ्याकडून ढिला राहिलाय, ती म्हणाली. बाबा म्हणाले, तो मी स्वतः आवळलाय, तू गेल्यावर. मग तिच्या डोक्यात दुसरं खोटं येईना. तिनं हात पुढं केला.

“तुमच्या गाडीची चावी द्या.”

“कशाला?”

“फोटोवाल्याच्या मागं जायचंय.”

बाबांनी चावी दिली नाही. उठले, लोहाराला दुकानावर लक्ष ठेवायला सांगितलं, स्वतः गाडी बाहेर काढली आणि चावी लावून मागच्या सीटवर बसले. म्हणाले, चल. फोटोवाल्याचं नाव सांगून तू कुणाकडं निघालीस ते आज मला बघायचंच आहे.

वाद घालायला वेळ नव्हता. तिनं गाडी हाणली. बाजारात पावाची गाडी आडवी लावून टोपल्या उतरवत होते, तिथं खोळंबा झाला. तिनं हॉर्नवरचा अंगठा काढला नाही तेव्हा पाववाल्यानं तिला दोन शब्द सुनावले आणि बाबांनी त्याला चार. बाजार संपला, पूल आला, पुलापुढची सपाटी लागली. मनातल्या मनात तिचा हिशोब चालू होता. सपाटीवर तो जोरात जाणार नाही, बायको मागून पाठीत बुक्क्या घालते. सपाटीवर गाडी तग धरेल. पण खडी फोडायच्या यंत्रापाशी चढ सुरू होतो, आणि तिथं तो गाडी ताणणार म्हणजे ताणणार, कारण डोंगरात आवाज घुमतो आणि त्या आवाजासाठीच तर त्यानं हे सगळं करून घेतलं होतं. चढ लागायच्या आत त्याला गाठायला हवं.

बाबा मागून बोलत होते. आधी हळू चालव, साखळी ढिली आहे. मग, तो काय करतो? मग थोड्या वेळानं, नोकरीला आहे का, का आपल्यासारखाच? तिनं गाडी आणखी दामटली. मी काय वाघ आहे का, बाबा तिच्या कानाशी ओरडून म्हणाले, घरी आणला असतास तर मी काय खाल्लं असतं त्याला? हे इतक्या मायेनं म्हटलेलं होतं की धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सांगून टाकावं, आत्ता, तोंड पुढं असताना, असं तिच्या मनात आलं. पण बोलायला लागलं की वेग कमी होणार होता, आणि शपथ घातलेली होती, आणि खरं सांगायचं तर तिची छाती झाली नाही.

खडीचं यंत्र आलं आणि गेलं. फोटोवाला दिसला नाही. चढ सुरू झाला.

दुसऱ्या वळणावर तो त्यांना ऐकू आला. वर कुठंतरी, दोन वळणं पुढं, डोंगराच्या अंगावर तो आवाज घुमत होता, भरदार, जाड, अगदी त्याला हवा तसा. बाबांनी तिच्या खांद्यावर थाप मारली.

“ऐक, धाकटे, ऐक. याला म्हणतात लावलेली गाडी.”

ती ऐकतच होती. त्या जाड आवाजाच्या खाली टकटक होती, एकसारखी, कोरडी, आणि फोटोवाला मूठ पिळत होता तशी ती दाट होत होती. तिनं हॉर्न दाबला. स्वतःलाच तो कसाबसा ऐकू आला, वर कुठला जायला. तिनं मूठ पूर्ण उघडली. जुनी गाडी, दोन माणसं, चढ. गाडी धापा टाकायला लागली पण पुढं सरकेना. थांब रे, ती पुटपुटत होती, मूठ सोड, अरे सोड, एकदा मागं बघ. आईचा तिला इतका राग आला की तिनं तिला मनातल्या मनात वाटेल ते ऐकवलं, आणि मग कळलं की आईनं नुसतं सांगितलं होतं, केलं होतं तिनं.

मग वरचा आवाज तुटला. एका क्षणी होता आणि पुढच्या क्षणी नव्हता, आणि त्याच्या जागी टायरची लांब, बारीक किंकाळी आली आणि तीही थांबली.

“थांबला वाटतं,” बाबा मागून म्हणाले. “फोटो काढत असेल. मला बोलला होता, वरून खोरं छान दिसतं म्हणून.”

किंकाळी त्यांना ऐकू आलीच नव्हती. ते शेवटचं वळण तिनं कसं घेतलं ते तिला नंतर कधी आठवलं नाही.

गाडी रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती. डांबरावर मागच्या टायरची काळी रेघ वाकडीतिकडी होत दरीच्या कठड्यापर्यंत गेली होती, आणि कठडा तिथं गुडघ्याएवढाही नव्हता. फोटोवाला उभा होता, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही म्हणजे अक्षरशः नाही, पांढराफटक. त्याची बायको कठड्यावर बसली होती. कोपर सोलवटलं होतं, पेटी उघडून कपडे रस्त्याभर झाले होते, आणि ती त्याच्याकडं बघून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, मी म्हटलं होतं बसनं जाऊ. धाकटी आधी तिच्याकडं धावली. हात हलवून बघायला सांगितला, पाय टेकवून बघायला सांगितला. मोडलेलं काही नव्हतं.

बाबांनी तोवर गाडी उभी केली होती. इंजिनाला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. पिस्टननं धरलंय, म्हणाले. तेवढं त्यांना बोटांनीच कळलं. मग ते मान वर करून फोटोवाल्यावर बरसले.

“पेट्रोल कुठं भरलंस?”

“पुलाजवळ.”

“तिथंच घोळ. भेसळ आहे सगळी. नाहीतर माझ्या हातची गाडी अशी धरेल?”

फोटोवाल्याला हायसं वाटलेलं स्पष्ट दिसत होतं. मीही तेच म्हणतोय मिस्त्री, तो म्हणाला, तुमचा हात लागलेली गाडी, दुसरं कारणच नाही. बायकोनंही लगेच आपला राग नवऱ्यावरून उचलून पेट्रोलवाल्यावर नेऊन ठेवला. असल्या लोकांना रस्त्यात उभं करून फोडून काढलं पाहिजे, ती म्हणाली. बघता बघता तिघांचं एकमत झालं. बिचारा पुलाजवळचा पेट्रोलवाला, त्याला या सगळ्याचा पत्ताही नव्हता. बाबांनी पुढचंही ठरवून टाकलं. इंजिन गार झालं की पिस्टन सुटेल. टाकी मोकळी करायची, माझ्या गाडीतलं चांगलं पेट्रोल काढून घालायचं, मग जा आरामात. वरचा चढ जरा उभा आहे, पण गाडी ओढेल.

धाकटी ऐकत उभी होती. डबी तिच्या खिशात होती. झाकली मूठ अजूनही झाकलेलीच होती, उलट आज ती झाकायला आणखी तीन हात आले होते, आणि ती फक्त गप्प राहिली असती तरी सगळं निभावलं असतं. निभावलं म्हणजे काय, तर हे दोघं पुन्हा त्याच गाडीवर बसून त्याहून उभ्या चढाला लागले असते. मग तिला नेहमीची वाट सुचली.

“इंजिन गार झालं की मी एक फेरी मारून बघते,” ती म्हणाली.

“पुन्हा फेरी?” बाबा म्हणाले. “इथं डोंगरात कोण बसलाय तुझा?”

फोटोवाला हसला. धाकटीला त्या हसण्याचा राग आला नाही, पण त्या हसण्यानं तिचं काहीतरी सुटलं. आज एक फेरी मारेन, उद्या मारेन. आणि परवा पुन्हा केबल आणायला जाईन तेव्हा? तिनं गाडीच्या बॅगेतून पाना काढला, प्लगवर बसवला आणि पिळला. गरम प्लग चिंधीत धरून तिनं तो बाबांपुढं केला.

“मला काय दाखवतेस,” बाबा म्हणाले. “मी प्लग बघत नाही.”

“बघा.”

बाबांचे डोळे चांगले होते. प्लग खडूसारखा पांढरा पडला होता आणि त्यावर बारीक बारीक चमकणारे कण चिकटले होते. ते कण पिस्टनचे होते, वितळून उडालेले, आणि ते कशानं उडतात हे बाबांनी तिला स्वतः शिकवलं होतं. त्यांनी तो प्लग चिंधीसकट हातात घेतला, उजेडाकडं केला, उलटसुलट केला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, टकटक नव्हती.

“होती, बाबा. तुम्ही मला ऐक म्हणालात तेव्हाही होती. तुम्हाला ती ऐकू येत नाही.”

बोलून झाल्यावर तिला वाटलं ते आता हात उगारतील. लहानपणीसुद्धा त्यांनी कधी उगारला नव्हता, तरी वाटलं. बाबांनी प्लगची चिंधी मुठीत आवळली. फोटोवाल्याची बायको रस्त्यावरचे कपडे गोळा करत होती, ती हातातलं लुगडं तसंच धरून थांबली.

धाकटीनं डबी काढली आणि कठड्यावर उघडून ठेवली. पितळेचे जेट उन्हात चकाकले. बाबांना तो प्रकार ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. त्यांनी डबीकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सगळं एकदम येऊन गेलेलं तिनं बघितलं, त्या लांबलेल्या फेऱ्या, ते फर्स्ट क्लास, ती टाकीवरची थाप.

“म्हणजे तो कोणी नाहीच,” बाबा म्हणाले.

“नाही.”

“किती गाड्या?”

“सगळ्या. दोन उन्हाळे झाले.”

“आईला माहीत आहे?”

धाकटीनं मान हलवली. बाबा कठड्यावर बसले. दरीकडं तोंड करून बसले आणि प्लग अजून त्यांच्या मुठीत होता. त्यांचं मन राखायचं होतं, ती म्हणाली, म्हणजे तुमचं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आई म्हणाली आणि मीही. तिचं वाक्य तिचं तिलाच धड जुळवता येईना. बाबांनी तिला पुरं करू दिलं नाही.

“बहिरा मी वयानं झालो,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यांचा आवाज चढलेला नसला की घरात सगळे घाबरत. “त्याला कुणाचा इलाज नाही. पण मी बहिरा आहे हे मला कळू दिलं नाहीस ती तू. पहिल्याच गाडीला सांगितलं असतंस तर मी घरी बसलो असतो. तू मला दोन उन्हाळे खोटा मिस्त्री करून बाकड्यावर बसवलंस. आज ही दोघं त्या दरीत गेली असती, आणि मी त्या पेट्रोलवाल्याची गचांडी धरायला गेलो असतो. शपथेवर धरली असती मी. मरेपर्यंत मला वाटलं असतं, दोष त्याचा.”

धाकटी रडायला लागली. बाबांनी तिला जवळ घेतलं नाही आणि रडू नको असंही म्हणाले नाहीत. फोटोवाला चुळबुळत उभा होता, दुसऱ्याच्या घरातलं भांडण चुकून ऐकलेल्या माणसाला होतं तसं त्याला झालं होतं. बायको मात्र व्यवहाराची होती. तिचं कोपर ठणकत होतं, ऊन चढत होतं आणि पलीकडं तिची आई वाट बघत होती. तिनं कपडे पेटीत कोंबले, झाकण लावलं आणि बाबांना विचारलं, मिस्त्री, एवढंच सांगा, ही गाडी आता आम्हाला वर नेईल का नाही?

बाबांनी मान वळवली नाही.

“हिला विचारा,” ते म्हणाले.

दोघं तिच्याकडं वळले. धाकटीनं बाहीनं डोळे पुसले. सवयीनं तिनं बाबांकडं बघितलं, काय बोलायचं ते त्यांच्या चेहऱ्यावरून घ्यायला, आणि तिला त्यांची पाठच दिसली. मिस्त्री म्हणून तिला कुणीतरी एकदा असं विचारावं, ही तिची किती वर्षांची इच्छा होती. ती अशी पुरी व्हायला नको होती, एवढंच तिला त्या वेळी वाटलं.

तिनं इंजिनाला हात लावला, अजून चटकत होतं. पायानं किक हळूच दाबून बघितली. पिस्टन सुटला होता, पण खरखरत, अंगावर ओरखडे घेऊन. नाही, ती म्हणाली. पेट्रोल बदलून चालणार नाही, आणि आता जेट बदलूनही चालणार नाही. इंजिन उघडावं लागेल. गाडी उतारानं खाली न्यायची, तुम्ही दोघं बसनं जा.

फोटोवाल्याचं तोंड उतरलं. तो तिच्याकडं बघून हो म्हणाला, आणि मग, जन्मभराची सवय, पुन्हा बाबांकडं वळला. मिस्त्री, तो म्हणाला, तुम्ही एकदा कान लावून बघता का? तुमचा पेचकस लावून?

बाबा उठले. प्लग त्यांनी धाकटीच्या हातात दिला, तिच्याकडं न बघता.

“तिनं सांगितलं ना,” ते म्हणाले, आणि बंद पडलेल्या गाडीचं हँडल धरून ती खालच्या बाजूला वळवायला लागले.